सांताच्या नावाने पैसे पाठवू नका

स्विंडन, इंग्लंड
नोव्हेंबरचा शेवटचा रविवार

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की नातवंडांच्या नाताळासाठी पंचवीस हजार बाजूला काढून ठेवलेत, पाठवायचे कसे तेवढं सांग. वर्गातल्या सगळ्या पोरांना सायकली नि टॅब्लेट मिळणार आणि आपलीच दोघं तोंड पाडून बसणार, हे तुमच्या मनाला लागलंय ते मला कळलं. मी तेव्हा नुसतं ‘बघू’ म्हटलं, कारण मध्येच आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचा विषय निघाला. पण माझं उत्तर ‘नको’ असं आहे. का नको, हे फोनवर दोन वाक्यांत सांगितलं तर तुम्ही रागवाल, म्हणून सविस्तर लिहितेय.

त्याच फोनवर तुम्ही असंही म्हणालात की तिकडचे लोक उधळे, सणाच्या नावाखाली पैसे उडवतात. बाबा, हे मला पटत नाही. इतकी वर्षं इथे राहून मी जे बघते ते वेगळं आहे. बँक ऑफ इंग्लंडच्या हिशोबाप्रमाणे इथलं साधारण कुटुंब डिसेंबरमध्ये इतर महिन्यांपेक्षा ७०० पौंडांहून जास्त खर्च करतं. म्हणजे आपले पाऊण लाखाच्या वर. त्यात खाणंपिणं, सजावट, भेटवस्तू सगळं आलं. ज्यांच्याकडे आहे त्यांना तो खर्च जाणवतही नाही. पण ज्यांच्या घरी महिनाअखेरीला विजेचं बिल भरताना विचार करावा लागतो, तेही हा खर्च करतात, आणि तो हौसेपेक्षा धास्तीने करतात. आपल्या पोराला कमी पडलं असं कुणाला दिसू नये, एवढीच ती धास्ती. तुम्ही पंचवीस हजार बाजूला काढलेत ते याच धास्तीने, नाही का?

इथल्या घरात कुणाकुणाला द्यावं लागतं ते सांगते. स्वतःची मुलं, नवरा-बायको एकमेकांना, दोन्हीकडचे आईवडील, भावंडं, त्यांची मुलं, शाळेतल्या बाई, ऑफिसमधलं कुणी, शेजारी. दिलं की घेणाऱ्यावर परत देण्याचं ओझं येतं, तेही साधारण तेवढ्याच किमतीचं. आई, तुझी ती आहेराची लाल वही आठव. कुणी किती घातले होते ते बघून आपण किती घालायचे ते ठरायचं, आणि हातात नसले तरी घालायलाच लागायचे. तसंच आहे हे, फक्त दर वर्षी आणि सगळ्यांच्या घरी एकाच दिवशी. मार्टिन लुईस म्हणून इथे एक पत्रकार आहेत, पैशांच्या व्यवहाराबद्दल बोलतात, लोक त्यांना फार मानतात. ते कित्येक वर्षं सांगतायत की मोठ्या माणसांनी एकमेकांना गरज नसलेल्या भेटी न देण्याचा करारच करावा, कारण तुमच्या भेटीमुळे समोरच्याला न परवडणारा खर्च करावा लागतो. मला हा माणूस त्यासाठी फार आवडतो. टीव्हीवर, ऐन खरेदीच्या दिवसांत, हे स्पष्ट बोलायला हिंमत लागते.

हे सगळं अनादी काळापासून चालत आलेलं आहे असंही नाही. बाबा, तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून लिहिते. व्हिक्टोरिया राणीच्या आधी इथे भेटी द्यायचा दिवस बऱ्याच घरांत नववर्षाचा असायचा. १८४८ मध्ये राणी, तिचा नवरा अल्बर्ट आणि मुलं सजवलेल्या झाडाभोवती उभी आहेत असं चित्र इथल्या एका साप्ताहिकात छापून आलं आणि ते घरोघरी पोचलं. पुढच्या काळात झाड आलं, झाडाखाली भेटी आल्या, मोठी दुकानं आली. म्हणजे आपल्या गावच्या वाड्यांपेक्षा ही रीत नवीनच म्हणायची.

आता आमच्या गावची गोष्ट, जी मला इथे आल्यावर कळली आणि डोक्यातून जात नाही. फेअरपॅक नावाची कंपनी होती, तिचं ऑफिस इथे स्विंडनमध्येच. काम आपल्या दिवाळी भिशीसारखं. वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पौंड भरायचे आणि नाताळाआधी त्याचे व्हाउचर किंवा खाण्याच्या वस्तूंच्या टोपल्या घ्यायच्या. पैसे गोळा करणाऱ्या बहुतेक बायका, आपल्याच गल्लीतल्या, आपल्याच नात्यातल्या. भरणारे कोण? ज्यांना बँक क्रेडिट कार्ड देत नाही आणि ज्यांना कर्ज काढायचं नाही, असे काटकसरी लोक. ऑक्टोबर २००६ मध्ये, नाताळ अडीच महिन्यांवर असताना, कंपनी बुडाली. दीड लाखाच्या आसपास लोकांचे मिळून कोटींनी पौंड गेले. मदतनिधी उभा राहिला, मोठ्या दुकानांनी त्यात पैसे घातले, पण भरलेल्यातले निम्म्याच्या आसपास पैसे हातात यायलाच कितीतरी वर्षं गेली. सगळ्यात वाईट त्या पैसे गोळा करणाऱ्या बायकांचं झालं असणार. शेजारणीच्या दारात जाऊन तिला सांगायचं की तुझ्या मुलांचा नाताळ गेला. आई, आपल्याकडे पतसंस्था बुडाली तेव्हा तुझी मैत्रीण बाजारात तोंड चुकवून जायची, ते मला आठवतं.

तर हे लोक उधळे नाहीत, बाबा. आठवड्याला पाच-पाच पौंड साठवणारा माणूस उधळा कसा असेल?

समोरच्या घरात गोव्यातल्या साष्टीची एक बाई राहते, तिच्याबद्दल मागे लिहिलं होतं. स्विंडनमध्ये गोंयकार भरपूर, बहुतेक गोदामांत नाहीतर कारखान्यांत कामाला. ही गोदामात रात्रपाळी करते. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे त्यांचा सगळ्यात कामाचा काळ, सुट्टी मिळत नाही. रात्रभर दुसऱ्यांच्या मुलांची खेळणी खोक्यांत भरायची आणि सकाळी घरी येऊन स्वतःच्या मुलांसाठी तीच खेळणी फोनवरून मागवायची, ‘आत्ता घ्या, नंतर फेडा’ म्हणतात त्या सोयीने. मागच्या नाताळाचे हप्ते उन्हाळ्यापर्यंत चालले होते. मी तिला एकदा हळूच विचारलं, इतकं कशाला गं? ती म्हणाली, “भुरग्यांक उणें पडूंक जायना.” म्हणजे पोरांना कमी पडता कामा नये. तिच्यापुढे मी काय बोलणार? पण मग तिच्या लहानपणीचा नाताळ कसा होता ते विचारलं, तर तिचा चेहराच बदलला. नवा फ्रॉक, मध्यरात्रीची मिस्सा, दारात कागदाचं नखेत्र म्हणजे चांदणी, भावांनी बांधलेला येशूजन्माचा गोठा, आणि सकाळी नेवऱ्या, दोदोल, बिबिंक भरलेली ताटं हिंदू शेजाऱ्यांकडे पोचवायचं काम हिचं. भेटवस्तू? आठवतच नाहीत म्हणाली. आपल्या शेजारच्या आंटीकडून यायचं ते ताट मला लगेच डोळ्यांपुढे आलं, वर क्रोशाचा रुमाल झाकलेला. आपलं फराळाचं ताट दिवाळीला त्यांच्याकडे जायचं आणि ते कधी रिकामं परत आलं नाही.

आता ज्या गोष्टीमुळे आम्ही दोघांनी निर्णय घेतला ती सांगते. गेल्या जानेवारीत शाळा सुरू झाल्यावर छोटी घरी आली आणि जेवेना. खूप खोदून विचारल्यावर म्हणाली, तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला सांताने मोजे, रंगपेटी आणि चॉकलेट दिलं, आणि दुसऱ्या एका मुलीला टॅब्लेट. तो मुलगा कधी मारामारी करत नाही, खोटं बोलत नाही, तरी सांताने त्याला कमी का दिलं? मग तिने विचारलं, “सांताला वाटतं का तो वाईट आहे?”

बाबा, मी काय उत्तर देणार होते? सांता चांगल्या मुलांना भेट देतो असं आपणच सांगायचं, आणि मग भेट बापाच्या पगारावर ठरणार. गरिबाच्या मुलाला पैसे कमी आहेत हे तर कळतंच, वर आपणच कुठेतरी कमी पडलो असंही वाटतं. सहा वर्षांच्या पोरीला हे दिसलं. तिचे बाबा त्या रात्री बराच वेळ गप्प होते, आणि मग आम्ही दोघांनी ठरवलं.

आमच्या घरी सांता आता एकच छोटी वस्तू आणतो, पाच-सात पौंडांची. त्याशिवाय आमच्याकडून प्रत्येकाला एक भेट, तीही पंचवीस पौंडांच्या आत, आणि ती आईबाबांनी आणली हे मुलांना माहीत असतं. इथल्या आपल्या मराठी मंडळींत मोठ्यांनी चिठ्ठ्या टाकायच्या, नाव निघेल त्या एकालाच भेट, दहा पौंडांच्या वर नाही. समोरच्या बाईलाही मी हे सांगितलं. तिने लगेच हो म्हटलं नाही, पण या वर्षी तिच्या आणि आमच्या मुलांनी एकमेकांना काही विकत द्यायचं नाही, एवढं आमचं पक्कं झालंय. त्याऐवजी तेवीस तारखेला तिच्या स्वयंपाकघरात नेवऱ्या. तिच्या आणि आपल्या करंजीत फरक थोडाच आहे.

तुमचे जावई आकडेवारीत रमणारे. त्यांनी मला एक संशोधन वाचायला दिलं. १९९३ साली जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, नाताळात मिळालेल्या वस्तू तुम्ही स्वतः किती पैसे देऊन घेतल्या असत्या? उत्तरं आणि खऱ्या किमती यांची तुलना केली तर किमतीचा दहावा ते तिसरा हिस्सा वाया गेलेला दिसला. आणि सगळ्यात जास्त वाया जातात त्या आजी-आजोबा, मामा-काका अशांच्या वस्तू, कारण त्यांना मुलांची आवड जवळून माहीत नसते! पण विद्यार्थ्यांना विचारतानाच सांगितलं होतं की भेटीमागचा जिव्हाळा बाजूला ठेवून किंमत सांगा. मी यांना म्हटलं, आजीच्या भेटीतून जिव्हाळा बाजूला काढला तर मोजायला उरलं काय? पैशांची नासाडी होते हे मला मान्य आहे. सव्वीस तारखेला आमच्या रस्त्यावरचे कचऱ्याचे डबे झाकण न लागता उभे असतात, चकाकणारे वेष्टनाचे कागद बाहेर आलेले. कागद मुठीत चुरगळून बघायचा, परत उलगडला तर तो पुनर्वापराला जात नाही. त्यातले बरेच उलगडतात. दुकानं भेटीसोबत किंमत न छापलेली पावती देतात, नावडली तर बदलून घ्यायला, म्हणजे नावडणार हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण म्हणून नातवंडांना आजोबांकडून काही येऊच नये असं मला अजिबात वाटत नाही.

म्हणून मागणं हे आहे. आपल्या बाजारपेठेतल्या त्या डॉक्टरांची सून सात डिसेंबरला इकडे परत येतेय, तिच्या बॅगेत एक-दीड किलोची जागा आहे असं तिने स्वतःहून सांगितलंय. चितारआळीतून छोटीसाठी लाकडी भातुकली आणा, लाखेच्या रंगाची, तीच लहान डब्यातली. सोनूला लट्टू नको, तो इथे दोरी गुंडाळून फिरवत बसत नाही. त्याला ती लाकडी फळं हवी आहेत, आंबा, केळं, सीताफळ, कारण शाळेत ‘माझ्या आजोळचं गाव’ असं काहीतरी दाखवायचं आहे. आणि बाबा, तुम्ही प्रत्येकाला एकेक पत्र लिहा. मराठीत, मोठ्या अक्षरात, ओळी सोडून. एसटीच्या कंट्रोलर केबिनमधल्या गोष्टी लिहा, आंबोली घाटात पावसात गाडी अडकली होती ती लिहा. सोनू अजून अडखळत वाचतो, पण वाचतो. ते त्याला कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

पंचवीस हजारांचं काय करायचं तेही सांगते, आणि यावर मला वाद नको. तुमची पेन्शन किती येते ते मला ठाऊक आहे. त्यातून एवढे पैसे साठायला किती महिने लागले असतील याचा हिशोब मी केला आणि मला रडू आलं. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय असं डॉक्टर गणपतीपासून सांगतायत आणि तुम्ही ‘थंडी संपू दे’ म्हणून ढकलताय. ते पैसे त्यासाठी आहेत. कुडाळला करायचं की गोव्यात, ते तुम्ही आणि दादा ठरवा. वरचे लागतील ते मी पाठवते. तारीख ठरली की मला कळवा, म्हणजे त्या आठवड्यात मी रोज फोनवर असेन. आई, तूच ही तारीख घ्यायला लाव, ते स्वतः घेणार नाहीत. आणि तुझ्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ नीट चालू ठेव, बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडू नकोस.

नेवऱ्यांसाठी खोबऱ्याच्या सारणाचं प्रमाण मला व्हॉट्सॲपवर बोलून पाठव, किलोभर रव्याला किती ते. समोरची बाई म्हणते तिच्या आईचं प्रमाण वेगळं होतं, आम्ही दोन्ही करून बघणार आहोत.

शेजारच्या आंटीला माझा नमस्कार आणि नाताळाच्या शुभेच्छा सांगा. दोघांनी तब्येतीला जपा.

तुमची,
माई