‘घरच्या घरी करा’ म्हणून विकलेलं किट आणि ‘घरी केलं’ म्हणून नाकारलेली तक्रार

दि. ९ सप्टेंबर २०२५
राजारामपुरी, कोल्हापूर

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पेट्रोल टाकीच्या आतून लावायच्या सीलर किटबाबत तिसरी आणि शेवटची लेखी तक्रार

महोदय,

तुमच्या कंपनीचं टाकी सीलर किट मी एप्रिलमध्ये ऑनलाइन मागवलं. ११ एप्रिलला ते घरी आलं, किंमत ३,८५० रुपये. खोक्यात तीन बाटल्या : तेलकटपणा काढायची, गंज काढायची आणि दोन भागांचा सीलर. खोक्यावर एक हसरा माणूस, हातात पाना, आणि वर ठळक अक्षरात ‘घरच्या घरी करा, मेकॅनिकची गरज नाही’. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गाडी १९६६ सालची एमजीबी, म्हणजे ब्रिटनच्या एमजी कंपनीची, दोन दारांची, कापडी छपराची. बेळगावजवळ एका बंद गोठ्यात वीस वर्षं पडून होती, ती २०२१ मध्ये टेम्पोवर घालून आणली. तेव्हापासून प्रत्येक रविवार तिचा. ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण तुमच्या हेल्पलाइनवरच्या ताईंनी मला दोनदा ‘सर, मॉडेल हेक्टर की ॲस्टर?’ असं, म्हणजे एमजीच्या हल्लीच्या गाड्यांची नावं घेऊन, विचारलं. हिचं इंजिन १७९८ सीसीचं, बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजचं. आपल्या अँबॅसिडरमध्ये जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन असायचं ते याच घराण्यातलं. उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींची हयात अँबॅसिडर खोलण्यात गेली त्यांनी बॉनेट उघडल्या उघडल्या सांगितलं, ‘हे तर आपल्याच इंजिनाचं थोरलं भावंड.’ त्यामुळे कोल्हापुरात हे काम होणार नाही अशी भीती मला कधीच नव्हती. इथे पॅटर्न (ओतकामाचा नमुना) टाकून दिला तर बीडाचं काहीही ओतून मिळतं, आणि ते घासून मापात आणणारा लेथवाला त्याच गल्लीत बसलेला असतो.

गाडी जशीच्या तशी ठेवायची असं माझं मत होतं, पण पेट्रोल जसंच्या तसं राहिलेलं नाही. देशात २००० सालापासून शिसं नसलेलं पेट्रोल आहे. जुन्या इंजिनाच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडा) शिशाच्या आधाराने टिकायच्या. म्हणून हेडमध्ये कडक सीटा बसवून घेतल्या. आता पंपावर सगळीकडे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. जुनं रबर त्यात फुगतं, चिरतं. म्हणून पेट्रोलचे सगळे होस बदलले, पंपाचा डायफ्रॅम बदलला, कार्बोरेटरमधल्या नीडल (पुरेसं पेट्रोल आलं की वाट बंद करणाऱ्या सुया) नव्या घातल्या. राहिली टाकी. या गाडीची टाकी डिकीच्या तळाखाली बोल्टने आवळलेली असते, वरच्या फटीत चिखल-पाणी अडकून ती बाहेरूनही कुजते आणि आतूनही. आमची वरून थोडक्यात वाचली होती, आत मात्र गंजाची पूड होती. नवी टाकी इंग्लंडहून मागवता येते, पण एवढ्या मोठ्या पत्र्याच्या डब्याचा कुरिअर खर्च आणि कस्टम ड्युटी ऐकून बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग तुमचं किट घेतलं, आणि तेही एकाच कारणासाठी : बाटलीवर लिहिलं होतं, ‘सर्व प्रकारच्या पेट्रोलसाठी’.

काम कसं केलं ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या उत्तरात ‘चुकीच्या पद्धतीने लावल्याची शक्यता’ असं म्हटलंय. टाकी काढली, जुनं पेट्रोल उपसलं, साबणाच्या गरम पाण्याने चार वेळा खंगाळली. आतला सुटा गंज निघावा म्हणून मूठभर जुने नट-बोल्ट आत टाकले, तोंडं बंद केली, टाकी गोधडीत गुंडाळून घरच्या लाकडी झोपाळ्यावर दोरीने बांधली आणि दोन तास झोके दिले. दर वीस मिनिटांनी कूस बदलायची. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘झोपलं का रं तुझं बाळ?’ मग तुमची पहिली बाटली, धुणं, दुसरी बाटली. आतला पत्रा तुमच्या चित्रात दाखवलाय तसा एकसारखा करडा झाला, टॉर्च लावून फोटो काढलेत. व्हॅक्यूम क्लीनरची उलटी हवा दिवसभर आत सोडून टाकी कोरडी केली. १ मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती, त्या दिवशी सीलर मिसळला. प्रमाण डोळ्यांनी नाही, काट्यावर. सगळ्या बाजूंना फिरवला, उरलेला ओतून काढला.

तुमच्या पत्रकात ‘९६ तास वाळू द्या’ असं आहे. मी तेरा दिवस वाळू दिला. पेट्रोल १४ मेला भरलं. यंदा मान्सून मेच्या शेवटच्या आठवड्यातच महाराष्ट्रात शिरला हे खरं, पण तोवर टाकी भरून गाडीखाली बसली होती. तेव्हा तुम्ही दिलेलं ‘पावसाळी दमट हवा’ हे कारण कॅलेंडरमध्ये बसत नाही.

रविवार १५ जून. पावसाने उघडीप दिली म्हणून सकाळी पन्हाळ्याला निघालो. शिवाजी पूल, केर्ली, सगळं छान. वाघबीळचा चढ लागला आणि गाडी आचके देऊ लागली. या गाडीचा विजेवरचा पेट्रोल पंप टकटक वाजतो, कान त्या आवाजाला सरावलेला असतो. टकटक मंदावली आणि थांबली. बाजूला घेऊन पाहिलं तर इंजिनाजवळचा फिल्टर चोंदलेला, आत राखाडी चिकट गाळ. मी तो काढून फुंकर मारून परत बसवला. ही माझी चूक. नवा फिल्टर जवळ असता तर पुढचं टळलं असतं, कारण बहुधा त्याच वेळी नळीतला एक पोपडा पुढे सरकला. स्विच दिला, पंप पुन्हा टकटकायला लागला, या वेळी थांबेचना. मागून आलेल्या दुधाच्या टेम्पोवाल्याने गाडी थांबवली, खाली उतरून म्हणाला, ‘मालक, गाडी लई देखणी हाय, पन पेट्रोलचा वास येतोय बगा.’ मागच्या कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधून, म्हणजे पेट्रोल साठतं त्या वाटीतून, पेट्रोल ओसंडून एक्झॉस्टच्या बाजूला ठिबकत होतं. एक्झॉस्ट अर्ध्या तासाच्या पळण्याने तापलेला होता. मी स्विच बंद केला, त्याने रस्त्याकडेची माती टाकली. शेजारच्या सीटवर माझी अकरा वर्षांची मुलगी होती. या प्रसंगाची किंमत मी खाली मागितलेल्या रकमेत धरलेली नाही, कारण ती धरायची कशी ते मला कळत नाही.

घरी येऊन फ्लोट चेंबरचं झाकण उघडलं. नीडल आणि तिची सीट यांच्यामध्ये करंगळीच्या नखाएवढा पोपडा अडकलेला, गुळाच्या काहिलीच्या कडेला वाळून सुटणाऱ्या पापडीसारखा, एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला टाकीच्या पत्र्याचा ठसा. टाकीत टॉर्च मारला तर तुमचा लेप तळाला पाण्यात भिजलेल्या कागदासारखा सुरकुतलेला. बोट लावलं की निघतोय.

१८ जूनला पहिली तक्रार केली, फोटोंसह. २४ जूनला उत्तर आलं : ‘सदर उत्पादन अधिकृत वर्कशॉपमध्ये प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून लावल्याचे बिल सादर न केल्यामुळे आपली तक्रार ग्राह्य धरता येत नाही.’ २ जुलैच्या दुसऱ्या तक्रारीला अक्षर न बदलता तेच उत्तर. आता खोक्यावरचा तो हसरा माणूस पुन्हा पाहा. त्याच्याकडे बिल आहे का?

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत गुणवत्ता विभागात बावीस वर्षं आहे. माझं रोजचं कामच रिजेक्शनला उत्तर देण्याचं. कास्टिंगमध्ये ब्लो होल (वायूमुळे पडलेलं छिद्र) निघालं म्हणून गिऱ्हाईक माल परत पाठवतं, तेव्हा आम्ही आधी हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या घाण्याचा नंबर, विचारतो, त्या दिवसाची वाळू, धातू, तापमान काढून बघतो, तुकडा कापून बघतो. कधी चूक त्यांच्या मशीनिंगची निघते, तेही पुराव्यानिशी कळवतो. ‘तुम्ही मशीनिंग कुठे केलंत त्याचं बिल आणा’ असं उत्तर दिलं तर माझी नोकरी त्याच संध्याकाळी जाईल. तुम्ही माझा लॉट नंबरसुद्धा विचारला नाहीत.

म्हणून तुमचं काम मीच केलं. ५ जुलैला त्याच ऑनलाइन दुकानातून दुसरं किट घेतलं. स्टीलच्या चार पट्ट्या घासून, तुमच्याच बाटल्यांनी धुऊन, एकाच मिश्रणाचा लेप दिला. दोन पट्ट्या घरी वाळवल्या, कोल्हापूरच्या जुलैत, जिथे मीठसुद्धा पाणी सोडतं. दोन साहेबांच्या परवानगीने आमच्या लॅबच्या ओव्हनमध्ये, पूर्ण कोरड्या. मग पंपावरचं पेट्रोल आणलं. मोजनळीत ८० मिलि पेट्रोल आणि २० मिलि पाणी घालून हलवलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. पाण्याची रेघ २० वरून ३५-३६ वर आली. वर राहिलं ते जवळपास इथेनॉल नसलेलं पेट्रोल. असं पुरेसं जमवून एका बरणीत ते आणि दुसऱ्या बरणीत पंपावरचं साधं ई-२० घेतलं. दोन्ही बरण्यांत एकेक घरची आणि एकेक ओव्हनची पट्टी. बरण्या गच्चीवरच्या खोलीत, घरातल्या विस्तवापासून लांब.

ई-२० मधली घरची पट्टी नवव्या दिवशी नखाने खरवडली जाऊ लागली, ओव्हनची अकराव्या दिवशी. म्हणजे दमट हवेने दोन दिवसांचा फरक पडला, तेवढं तुमचं म्हणणं मी मान्य करतो. धुतलेल्या पेट्रोलमधल्या दोन्ही पट्ट्या आज दोन महिन्यांनीही टणक आहेत. आता सांगा, दोष वाळवण्याचा की इथेनॉलचा?

आणि आणखी एक. प्रयोग करताना दुसऱ्या किटच्या बाटलीवर पेट्रोलचे दोन थेंब सांडले. ‘सर्व प्रकारच्या पेट्रोलसाठी’ ही ओळ छापलेली नाही, ते वरून चिकटवलेलं स्टिकर आहे. त्याची कड सुटली. खाली मूळ छपाई आहे : ‘इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत’. मग जुनी बाटली पाहिली, तीवरही तेच. दहा टक्क्यांचं पेट्रोल होतं त्या काळात हा सीलर चांगला असेलही. पेट्रोल बदललं तेव्हा तुम्ही सीलर न बदलता स्टिकर बदललं. स्टिकरचा गोंदही ई-२० ला टिकला नाही हा निव्वळ योगायोग समजू.

झालेला खर्च असा : किट ३,८५०, घाटातून गाडी ओढून आणायला १,२००, इंग्लंडहून नीडल-सीटचा संच ड्युटीसह ४,६००, आणि टाकी कापून आतला लेप काढून पुन्हा जोडायला ६,५००. शेवटच्या आकड्यावर तुमचा माणूस फोनवर हसला, ‘सॉल्व्हंट घातलं असतं तर निघालं असतं’ म्हणाला. टाकीच्या आत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून पत्र्याचा आडपडदा असतो. त्यामागचा लेप सॉल्व्हंटने सुटतो पण बाहेर येत नाही. उद्यमनगरच्या वेल्डरने टाकी दोन दिवस पाण्याने भरून ठेवली, मगच शिवण उघडली, आणि एवढ्या जोखमीला साडेसहा हजार मला जास्त वाटले नाहीत. एकूण १६,१५० रुपये. दुसऱ्या किटचे पैसे मागत नाही, तो माझा हट्ट होता.

पैशांइतकंच मला हे हवं आहे : दोन्ही लॉटचा ई-२० मधला तपासणी अहवाल लेखी द्या, स्टिकर लावलेला माल दुकानांतून काढून घ्या, आणि ज्यांनी हे किट घेतलं त्यांना कळवा. बहुतेक गिऱ्हाईक बुलेट आणि जुन्या स्कूटरवाले आहेत. त्यांची टाकी मांड्यांच्या मध्ये किंवा सीटखाली असते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ मध्ये वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न देणाऱ्या उत्पादकाची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली आहे, आणि तक्रार मी राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, म्हणजे कोल्हापुरातच. तुमच्या वकिलांना तांबडा-पांढरा आवडत असेल तर त्यांचं स्वागत आहे, पण मला ती वेळ आणायची नाही. १ ऑक्टोबरला खंडेनवमी आहे. त्या दिवशी आमच्याकडे पान्यापासून गाडीपर्यंत सगळ्याला हळद-कुंकू लागतं. गाडी तोवर चालती होईल, टाकी आता नुसत्या पत्र्याची आहे, लेपाशिवाय. तुमचं उत्तर त्या दिवसाच्या आत आलं पाहिजे, नाहीतर २ तारखेचा दसरा सोडून ३ तारखेला मी आयोगात अर्ज दाखल करेन.

सोबत दोन्ही बिलं, टाकीच्या आतले फोटो, चार पट्ट्यांच्या नोंदी, स्टिकर सुटलेल्या बाटलीचा फोटो (बाटली माझ्याकडेच राहील) आणि एका लहान बरणीत टाकीतून निघालेले पोपडे पाठवत आहे. पोपडे परत पाठवू नका, माझ्याकडे अजून अर्धा डबा आहेत.

आपला,
एक ग्राहक
(सही)