आवाहन : ऊसतोड कामगारांच्या मुलांना बालवाडीपासून पहिल्या पगारापर्यंत शिक्षण-पालक हवेत

सप्रेम नमस्कार,

दसरा तोंडावर आला आहे. मजूर गोळा करणाऱ्या मुकादमांची उचल, म्हणजे तोडीआधीची आगाऊ रक्कम, वाटून झाली. दिवाळीच्या आगेमागे आपल्या तालुक्यातून टोळ्या भरून गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतील. भांडीकुंडी, कोपीचं (तात्पुरत्या झोपडीचं) सामान, शेरडं, कोंबड्या आणि त्यांच्यातच दाटीवाटीने बसलेली पोरं. एकदा पोर गाडीत चढलं की ते उन्हाळ्यातच परत दिसतं, तोवर शाळेचं वर्ष सरत आलेलं असतं. म्हणून हे पत्र आजच काढावं लागतंय. कार्यकारिणीची बैठक रविवारी आहे, पण गाड्या काही बैठकीसाठी थांबणार नाहीत.

मंडळाची ओळख नव्याने करून देत नाही. मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरणारी बालवाडी आज कुठवर आली हे आपण सर्वांनी पाहिलं आहे. ती आणली मात्र माणसांनी, आणि त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही. आपल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी राहत्या घरातली पुढची खोली पोरांना दिली. भाडं घ्या म्हटलं तर "मग मी खोली परत घेते" असं बजावलं. आजही कुणाचं पोर गैरहजर असेल तर बाई काठी टेकत त्याच्या आजीच्या दारात उभ्या राहतात. गिरणीवाल्या काकांनी वसतिगृहाच्या दळणाचा आजतागायत एक पैसा घेतला नाही, उलट पीठ कमी पडलं तर वरून पायलीभर ज्वारी टाकतात. मुंबई-पुण्यात रिक्षा चालवणारी आपली मंडळी वर्गणी काढून दरमहा पैसे पाठवतात, तेही न चुकता. एका मुकादमाचा उल्लेख मुद्दाम करतो (नाव छापू नका म्हणाले). टोळीत येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला ते आधी विचारतात, "पोरं कुठं ठेवलीत?" आणि उत्तर पटलं नाही तर गाडी आमच्या वसतिगृहाच्या दारात आणून उभी करतात. आणि आपल्याच बालवाडीतून गेलेली, आज नर्स असलेली एक मुलगी! पहिला पगार झाला त्याच महिन्यात तिने तिसरीतल्या एका पोरीचा सगळा खर्च उचलला. आमच्याकडून तिला साधं पत्रही गेलं नव्हतं.

आता थोडं कडू. गेल्या वर्षीही हेच आवाहन घरोघर दिलं होतं. जूनमध्ये दप्तरवाटपाच्या कार्यक्रमाला व्यासपीठावर खुर्च्या पुरल्या नाहीत. डिसेंबरात खानावळीचं बिल थकलं तेव्हा त्याच खुर्च्यांवरच्या मान्यवरांचे फोन लागेनात. दप्तर देणाऱ्याचे उपकार आहेतच, पण दप्तराने पोराची दहावी होत नाही. वर्षातून एकदा द्यायचं आणि विसरायचं, या पद्धतीने एकही मूल शेवटापर्यंत पोहोचलेलं मंडळाच्या पाहण्यात नाही.

खरी गरज कुठे आहे ते सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, आणि तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. मधल्या इयत्तांसाठी शाळा आहे, पोषण आहार आहे, हंगामी वसतिगृहं आहेत, संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आली. तिथे जे अडतं ते आम्ही पंचायत समितीत भांडून मिळवतो. उघडी आहेत ती दोन्ही टोकं.

पहिलं टोक सहाच्या आतलं. गावात अंगणवाडी आहे, पण ती काही तासांची. उरलेला दिवस म्हाताऱ्या आजीला लहान पोर आवरत नाही. मग ते आईबापाबरोबर उसाच्या फडात जातं, आणि त्याला सांभाळायला नऊ-दहा वर्षांची बहीणही शाळा सोडून जाते. म्हणून आमची बालवाडी दिवसभराची आहे. जेवण तिथेच, दुपारची झोप तिथेच. धाकटा बालवाडीत राहिला की थोरली पाचवीच्या वर्गात बसते. एका मुलाच्या खर्चात दोघांचं शिक्षण टिकतं, हे देणगीदारांना समजावताना आमची दमछाक होते, कारण बालवाडीचा फोटो दहावीच्या निकालाइतका छान येत नाही.

दुसरं टोक चौदाच्या पुढचं. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा निघाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आपण त्याची तयारी करून घेतो, पण सगळ्यांचा नंबर लागत नाही. तोडीला जोडपं म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा. त्यामुळे दहावीनंतर घरी बसलेल्या पोरीचं लग्न हा कोयता पुरा करण्याचा हिशेब होतो. २०२४ पासून ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या अनेक घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे, ही मोठीच गोष्ट. पण फी माफ झाली म्हणून खोलीभाडं, खानावळ, बसचा पास आणि पुस्तकं माफ होत नाहीत. पोरगी प्रवेश मिळूनही घरी परतते ती तिथेच. आयटीआय, नर्सिंग, डिप्लोमा, पोलीस भरतीची तयारी, काहीही असो, पहिला पगार हातात पडेपर्यंत कुणीतरी मागे उभं लागतं.

साताऱ्याच्या बोर्डिंगमधल्या पोरांसाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं. आम्ही कुणाचं सोनं मागत नाही. एक मूल घ्या आणि मध्येच सोडू नका, एवढंच मागतो.

तपशील : शिक्षण-पालक व्हायला दरमहा ५०० रुपयांपासून, निदान तीन वर्षांसाठी, दोन-तीन कुटुंबं मिळून एक मूल घेतलं तरी चालेल. मुलाची प्रगती वर्षातून दोनदा कळवू, पण त्याचा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नये ही अट आहे. शक्यतो चेक किंवा ऑनलाइन. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आणि नवी करप्रणाली घेणाऱ्यांना आयकरात सवलत मिळत नाही. पावतीसाठी पॅन द्यावा. नावनोंदणी कोषाध्यक्षांकडे, कार्यालयात संध्याकाळी ५ ते ८, पहिली टोळी निघण्याआधी. पैसे शक्य नसतील त्यांनी आठवीच्या मुलांना गणित शिकवायला आठवड्यातून दोन संध्याकाळी द्याव्यात, माणूस तातडीने हवा आहे.

कार्यकारी मंडळाच्या वतीने,
आपला,
सचिव

ता. क. : दप्तरं यंदा पुरेशी आहेत. कृपया आणू नयेत.