बार मोडतात, कारण मध कमी तापलेला असतो

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझे ओट्स, पीनट बटर आणि मधाचे बार कापताना भुगा झाला म्हणतोस, आणि पुढच्या वेळी पीनट बटर वाढवावं का, असं विचारतोस. वाढवू नकोस. सगळे जण तिथेच चुकतात. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं, म्हणजे पीनट बटरही निम्मं तेलच. तेलाने वस्तू एकमेकींवरून सरकतात, चिकटत नाहीत. पीनट बटर चव देतं, मऊपणा देतं, पण ओट्सना धरून ठेवतो तो मध. ते वाढवलंस तर बार मोडायचे थांबणार नाहीत, वर बोटांना तेल लागेल ते वेगळंच.

आधी माप घे. २० सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यासाठी ओट्स २०० ग्रॅम, पीनट बटर २०० ग्रॅम, मध १४० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे जाडसर कुटून ५० ग्रॅम, भोपळ्याच्या किंवा सूर्यफुलाच्या बिया ३० ग्रॅम, पाव चमचा मीठ आणि अर्धा चमचा व्हॅनिला. पीनट बटरमध्ये आधीच मीठ असेल तर वरचं मीठ चिमूटभरच घाल, पण पूर्ण गाळू नकोस. मिठाशिवाय हे बार नुसते गुळमट लागतात. माप कपाने न घेता वजनाने घे. ओट्सचा कप हलक्या हाताने भरला तर ८० ग्रॅमचा होतो, आपटून भरला तर १०० चा, आणि एवढा फरक मिश्रण कोरडं पडायला पुरतो. मध पाण्यापेक्षा जवळपास १.४ पट जड असतो, म्हणून १४० ग्रॅम मध म्हणजे साधारण १०० मिलिलिटर. काट्यावर पातेलं ठेवून त्यातच ओतलास तर चमचे-वाट्या चिकट करायची गरजच नाही.

ओट्स रोल्ड घे, चपट्या पोह्यांसारखे दिसणारे. झटपट शिजणारे बारीक ओट्स मध शोषून लगदा होतात, आणि स्टील कट, म्हणजे अख्ख्या दाण्याचे नुसते तुकडे केलेले, ओट्स न शिजवता घातले तर दाताखाली खडे आल्यासारखं वाटतं. रोल्ड ओट्स वाफवून मग दाबलेले असतात, त्यामुळे ते शिजवावे लागत नाहीत. तरीही कोरडेच कढईत मंद आचेवर ७-८ मिनिटं परत. खमंगपणा येतो, शिवाय त्यांतला ओलावा जातो. रंग फारसा बदलत नाही, वास बदलतो. त्यावरच लक्ष ठेव. परतून झाले की त्यातले ५० ग्रॅम मिक्सरमध्ये फिरवून जाडसर पीठ कर आणि उरलेल्या ओट्समध्ये मिसळ. अख्ख्या ओट्सच्या मधे ज्या फटी राहतात त्या हे पीठ भरून काढतं, आणि सुरी लागल्यावर बार नेमका त्या फटींतूनच तुटत असतो. गव्हाचं कच्चं पीठ मात्र या कामाला वापरू नकोस. कच्च्या पिठात जंतू असू शकतात आणि इथे पुढे काहीच शिजत नाही.

पीनट बटर शक्यतो घरी कर. २५० ग्रॅम शेंगदाणे घे. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा डाग असलेले दाणे निवडून टाकून दे. बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही, त्यामुळे इथे काटकसर नको. एक दाणा चावून बघ, जुन्या तेलासारखा खवट लागला तर बाकीचेही बहुधा खवट असणार. मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं सतत हलवत भाज. एक दाणा फोडून आतून फिकट बिस्किटी रंग दिसला की उतरव, कारण उतरवल्यावरही ते स्वतःच्या उष्णतेने थोडे भाजत राहतात. सालं चोळून पाखडून टाक आणि दाणे कोमट असतानाच मिक्सरला लाव.

पुढची पाच-सात मिनिटं भांड्यातून नजर काढू नकोस. मिनिटभरात कूट होतो. मग तो कूट ओलसर होऊन भांड्याच्या भिंतींना चिकटतो आणि पातं नुसतंच फिरत राहतं. थांबव, चमच्याने खरवडून खाली घे, परत फिरव. यानंतर सगळ्याचा एक घट्ट गोळा होतो आणि धाडधाड आपटायला लागतो. इथे माणूस घाबरतो आणि वरून तेल ओततो, किंवा त्याहून वाईट म्हणजे पाणी. काहीच ओतू नकोस. मिनिटभर फिरव, मिनिटभर मोटारीला विश्रांती दे. दोन-तीन फेऱ्यांत गोळा आपोआप सैल पडतो, पृष्ठभागावर चकाकी येते आणि चमच्यावरून पट्टीसारखी धार पडते. पाणी का नको, तर दाण्याचे बारीक कण तेलात तरंगत असतात; थेंबभर पाणी गेलं की ते एकमेकांना चिकटतात आणि सगळं आळून कणकेसारखं होतं. नुसतं फिरवून ते परत सैल होत नाही. चमचा ओला असला तरी हे घडू शकतं.

विकतचं वापरणार असशील तर बरणीवरचे घटक वाच. नुसते शेंगदाणे आणि मीठ असेल तर तेल वर येऊन साचलेलं असणार. ते ओतून टाकू नकोस, तळापर्यंत सुरी घालून पूर्ण ढवळ. बरणीचा वरचा भाग वापरला तर बार तेलकट होतात, तळचा वापरला तर कोरडे. एकाच बरणीचे दोन घाणे दोन तऱ्हेचे झाले तर कारण बहुधा हेच. तेल वर येऊ नये म्हणून ज्यात घट्ट वनस्पती तेल घातलेलं असतं ते पीनट बटर या बारसाठी सोयीचं आहे, ते थंडीत चांगलं घट्ट होतं. पण त्यात बहुधा साखरही असते, तेव्हा मध १२० ग्रॅमवर आण.

आता मध. उंच कडेच्या पातेल्यात घे, कारण तो फेसाळून दुप्पट वर येतो. मध्यम-मंद आच. कडेने बुडबुडे येतात तेव्हा काही करू नकोस. पूर्ण पृष्ठभागावर फेस आला की तिथून दोन मिनिटं मोज. मधात साधारण १७-१८ टक्के पाणी असतं, त्यातलं काही या दोन मिनिटांत उडून जातं आणि गार झाल्यावर तो धरायला लागतो. थर्मामीटर असेल तर ११५ अंश सेल्सिअस. नसेल तर वाटीभर गार पाण्यात थेंब टाक. तळाशी जाऊन बोटात दाबल्यावर मऊ गोळी झाली की बस्स. थेंब पाण्यात विरघळून गेला तर अजून व्हायचाय, आणि काचेसारखा कडक झाला तर पुढे गेलास. त्या मधाचे बार दात पाडतील. तुझा मध नुसता कोमट होऊन पातळ झाला होता, एवढंच झालं. तसेही बार होतात, पण ते फ्रीजमध्येच राहायचे. बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात ढिले पडतात. उकळता मध हातावर उडाला तर चिकटून भाजत राहतो, तेव्हा आजूबाजूला लहान मूल नको.

आच बंद कर आणि मगच पीनट बटर घाल. ते फ्रीजमधलं नको, खोलीच्या तापमानाचं हवं, नाहीतर मध जागच्या जागी आळतो आणि गुठळ्या होतात. उलट पीनट बटर घालून पातेलं पुन्हा आचेवर ठेवलंस तर त्याचं तेल सुटून कडेला येईल. हे फाटलेलं मिश्रण ओळखायला सोपं असतं: चकाकी जाते, रवाळ दिसतं, आणि बाजूला तेलाचं तळं. मीठ, व्हॅनिला घालून अर्धं मिनिट ढवळ, लगेच ओट्स, दाणे, बिया. उलथण्याने तळापासून वर घे. कोरडा ओट एकही दिसता कामा नये.

इथे मूठभर मिश्रण घेऊन घट्ट दाब. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे उमटलेला गोळा तसाच राहिला तर बरोबर. उघडताच विस्कटला तर कोरडं आहे. चमचाभर मध वेगळा उकळून घाल. गोळा टिकतो पण तळहात तेलाने चमकतो, असं असेल तर ओट्सचं पीठ दोन चमचे घाल.

दाबण्याचं काम मात्र बहुतेक जण उरकून टाकतात. माझ्या मते मधानंतर याचाच नंबर. डब्यात बटर पेपर असा घाल की दोन बाजूंनी बाहेर लोंबेल, नंतर त्यालाच धरून अख्खी लादी उचलता येते. मिश्रण गरम असतानाच ओत, आधी चारही कोपरे भर, मग मधला भाग. वर दुसरा बटर पेपर ठेवून सपाट बुडाच्या वाटीने अंगाचा भार टाकून थापत जा, निदान दोन मिनिटं. हाताने थोपटून भागत नाही. जाडी दीड सेंटिमीटर आली की पुरे. गार झालेलं मिश्रण कितीही दाबलं तरी परत एकसंध होत नाही, म्हणून डबा आणि कागद मध उकळायच्या आधीच तयार ठेव.

फ्रीजमध्ये दोन तास, घाई असेल तर फ्रीझरमध्ये अर्धा-पाऊण तास. लांब पात्याची सुरी सरळ वरून खाली दाब, करवतीसारखी पुढेमागे चालवू नकोस. लादी फार कडक लागली तर दहा मिनिटं बाहेर ठेवून मग काप. चार बाय चार असे १६ तुकडे होतात, प्रत्येकी ३५ ते ४० ग्रॅम आणि सुमारे १७५ कॅलरी. दिसतो तेवढा हलका खाऊ नाही हा.

चॉकलेटचे तुकडे आत घालायचे असतील तर मिश्रण हाताला जेमतेम कोमट लागेपर्यंत थांबावं लागतं, कारण चॉकलेट ३४ अंशांच्या आतच वितळतं. आणि तेवढं थांबलास तर दाबायची वेळ टळते. म्हणून मी म्हणेन, चॉकलेट वरूनच लाव. १०० ग्रॅम डार्क चॉकलेट गरम पाण्याच्या भांड्यावर वितळव, त्यात मोठा चमचाभर पीनट बटर मिसळ आणि थापलेल्या लादीवर पसर. नुसतं चॉकलेट कापताना तडकून उडतं. पीनट बटरमुळे मऊ राहतं. ही लादी कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून कोरडी पुसून घे, दर वेळी. दोन-चार दिवसांनी वर पांढुरका थर दिसला तर ती बुरशी नसते, बहुधा चॉकलेटमधली चरबी वर आलेली असते. चवीला बिघडत नाही.

मधाऐवजी खजूर चालतो. बिया काढून २०० ग्रॅम, गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून घट्ट पिळून वाट. पण याने बार मऊ राहतात, फ्रीजबाहेर ठेवू नयेत. प्रोटीन पावडर घालायची असेल तर ३० ग्रॅम ओट्स कमी करून तितकीच घाल. ती ओलावा ओढते, म्हणून पीनट बटर १५-२० ग्रॅम जास्त. पीनट बटर वाढवायची ही एकच जागा.

प्रत्येक बार बटर पेपरमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात ठेव. फ्रीजमध्ये दोन आठवडे, फ्रीझरमध्ये तीन महिने छान राहतात. ओला चमचा, ताजं फळ, दूध यातलं काहीही मिश्रणात गेलं असेल तर मात्र तीन-चार दिवसांत संपव.

आणि आत्ताचा तो भुगा टाकला नसशील अशी आशा आहे. दोन मोठे चमचे मध वर सांगितल्याप्रमाणे उकळ, भुगा अगदी मंद आचेवर कोमट करून त्यात घाल, आणि या वेळी वाटीने नीट दाब.

तुझा,
विनय

ता. क. – कुणाला देणार असशील तर शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, हे आधी विचार. ती जिवावर बेतू शकते. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध उकळलेला असला तरी द्यायचा नाही.