परळच्या रक्तप्रयोगशाळेतील तंत्रज्ञ ताईंस

सप्रेम नमस्कार,

संधिवात ओपीडीच्या सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टखाली तुम्ही हाताने एक ओळ लिहिता: ‘न्यूट्रोफिल वाढलेले, बँड फॉर्म किंवा टॉक्सिक ग्रॅन्युल्स नाहीत.’ म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या या पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत, पण संसर्गात दिसणाऱ्या अपक्व पेशी आणि पेशींतले गडद कण नाहीत. त्या ओळीमुळे किती रुग्णांची विनाकारण सुरू होणारी अँटिबायोटिक्स टळतात, हे तुमच्यापर्यंत पोहोचायला हवे.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असताना टीएलसी (पांढऱ्या पेशींची एकूण संख्या) १५,०००च्याही वर जाऊ शकतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून वाहत्या रक्तात येतात, अस्थिमज्जेतूनही जास्त बाहेर पडतात आणि सुजलेल्या सांध्यात शिरणे मात्र त्यांना जड जाते. म्हणजे सांध्यातला दाह उतरत असतो आणि रिपोर्टवरचा आकडा चढत असतो! लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल या इतर पांढऱ्या पेशी त्याच वेळी घटतात. मशीन यावर नुसता बाण छापते. लेफ्ट शिफ्ट (अपक्व न्यूट्रोफिल वाढणे) आहे की नाही, हे लीशमन रंग लावलेल्या स्लाइडवर तुमची नजरच सांगते. ताप असेल तर आम्ही कल्चर (जंतू शोधण्याची तपासणी) पाठवतोच, कारण स्वच्छ स्लाइडनेही संसर्ग पूर्णपणे नाकारता येत नाही.

मेथोट्रेक्झेट आणि अझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांची गोष्ट उलटी. तिथे अस्थिमज्जेत पेशी बनणेच मंदावते. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे. चुकून रोज घेतले गेले, की तोंड येते आणि पांढऱ्या, लाल पेशी, प्लेटलेट सगळेच खाली येते. अझाथायोप्रिनवर असताना कुणी युरिक अॅसिडसाठी अॅलोप्युरिनॉल लिहून दिले, तर अझाथायोप्रिनचे विघटन अडते आणि तोच धोका उभा राहतो. त्यात पावसाळ्यात डेंग्यूनेही टीएलसी उतरतो. अशा वेळी ‘रिअॅक्टिव्ह लिम्फोसाइट’ की ‘हायपरसेग्मेंटेड न्यूट्रोफिल, मोठ्या लाल पेशी’, (पहिले विषाणूकडे, तर जास्त खंडांच्या केंद्रकाच्या पेशींचे दुसरे वर्णन मेथोट्रेक्झेटकडे बोट दाखवते) एवढे कळले तरी आधी कुठे पाहायचे ते ठरते. मेथोट्रेक्झेटवर संशय असेल तर त्यावरचा उतारा म्हणून फोलिनिक अॅसिड त्याच दिवशी सुरू करता येते. न्यूट्रोफिल १,०००च्या खाली दिसले, की रिपोर्ट छापण्याआधी तुमचा फोन येतो. त्याचे मोल आम्ही जाणतो. ५००च्या खाली आणि सोबत ताप असेल, तर तासभराचा उशीरही परवडत नाही.

तुमच्या सूचनेप्रमाणे यापुढे प्रत्येक फॉर्मवर औषध, डोस आणि शेवटच्या गोळीची वेळ लिहू. प्रेडनिसोलोननंतर साधारण ४ ते ६ तासांनी न्यूट्रोफिल सर्वांत वर असतात, म्हणून रक्त सकाळी गोळीआधीच काढायला सांगू.

मनापासून आभार.

आपले,
संधिवात ओपीडीतील सहकारी