अपडेटनंतर कॉल न लागणे व स्टोरेज अपुरे पडणे याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: आपण पाठवलेल्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर फोनमध्ये निर्माण झालेले दोन दोष आणि सर्विस सेंटरने केलेले त्यांचे चुकीचे निदान.

महोदय,

मी इंदूरच्या रामबाग भागात राहतो आणि पौरोहित्य करतो. आपल्या कंपनीचा २ जीबी रॅम व ३२ जीबी स्टोरेज असलेला फोन मी २०२० च्या दसऱ्याला जेल रोडवरून विकत घेतला. त्याची वॉरंटी संपलेली आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. एखादा भाग झिजला म्हणून मी हे पत्र लिहीत नसून, उत्तम चालणारा फोन आपल्याच अपडेटने बिघडला आणि तो दुरुस्त करण्याऐवजी मला नवीन फोन घेण्यास सांगण्यात आले, म्हणून लिहीत आहे.

अपडेटपूर्वी फोनच्या वरच्या पट्टीवर व्होल्टीचे, म्हणजे फोरजी जाळ्यावरूनच कॉल करण्याच्या सोयीचे, चिन्ह कायम दिसत असे. अपडेटनंतर ते चिन्ह गेले आणि सेटिंगमधला व्होल्टी चालू-बंद करण्याचा पर्यायही नाहीसा झाला. त्या दिवसापासून नंबर लावल्यावर फोन बराच वेळ मुका राहतो आणि पुष्कळदा कॉल न लागताच तुटतो. लागलाच, तर बोलणे संपेपर्यंत नेट बंद पडते. मला फोन करणाऱ्यांना मी संपर्कक्षेत्राबाहेर असल्याचे ऐकू येते, आणि त्याच वेळी फोन माझ्या हातात असून रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या असतात. पितृपक्षात सुदामा नगरपासून देवासपर्यंतचे यजमान तिथी सांगून वेळ ठरवण्यासाठी फोन करतात. न लागलेला फोन दुसऱ्या दिवशी लागून उपयोग नसतो, कारण श्राद्धाची तिथी कोणासाठी थांबत नाही. यंदा काही यजमानांनी दुसरे गुरुजी बोलावले, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणू शकत नाही.

दोष सिमचा किंवा टॉवरचा असेल असे आपले अधिकारी म्हणतील, म्हणून ती शक्यता मी आधीच तपासली आहे. माझे सिम घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये, त्याच खोलीत घातले असता कॉल तत्काळ लागतो. उलट पुतण्याचे जिओचे सिम माझ्या फोनमध्ये घातले तेव्हा नेट व्यवस्थित चालले, पण एकही कॉल गेला नाही. दोष सिमचा वा टॉवरचा नसून फोनच्या व्होल्टीचा आहे, हे आपल्या तंत्रज्ञांना सांगण्याची गरज नसावी, तरीही सर्विस सेंटरमध्ये ते कोणी ऐकून घेतले नाही म्हणून येथे नोंदवतो. जिओचे जाळे सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाले तेव्हापासून त्यात टूजी किंवा थ्रीजी नाहीच, त्यामुळे व्होल्टी नसलेल्या फोनवरून त्यावर साधा कॉल होऊ शकत नाही. इतर कंपन्यांच्या सिमवर असा फोन कॉलपुरता खालच्या जाळ्यावर उतरतो, परंतु थ्रीजी बऱ्याच अंशी बंद झाल्यामुळे (एअरटेलने ते २०२० मध्येच बंद केले) उतरायला केवळ टूजी उरते, आणि विलंब, तुटणे व नेट बंद पडणे हे सारे त्याचेच परिणाम आहेत. पुतण्याने *#*#४६३६#*#* हा क्रमांक दाबून तपासणीचे पान उघडले असता तेथे आयएमएसची (व्होल्टीचे कॉल ज्या यंत्रणेतून जातात तिची) नोंदणी झालेली नसल्याचे स्पष्ट दिसले. नेटवर्क सेटिंग रिसेट करून आणि सेफ मोडमध्ये (टाकलेली ॲप्स बंद ठेवून) चालवूनही फरक पडला नाही, म्हणजे मी टाकलेल्या कोणत्याही ॲपचा यात हात नाही.

दुसरा दोष स्टोरेजचा. अपडेटबरोबर आपले ब्राउझर, गेमचे दुकान, थीमचे दुकान आणि बातम्यांचे ॲप फोनमध्ये आले. यांपैकी एकही काढता येत नाही, फार तर निष्क्रिय करता येते. मी फोटो मेमरी कार्डवर हलवले, व्हॉट्सॲपवरचे आपोआप उतरणारे फोटो-व्हिडिओ बंद केले, कॅशे रिकामी केली, तरी काही दिवसांत जागा संपल्याची सूचना पुन्हा येते आणि एसएमएस येणे थांबते. बँकेचा ओटीपी न आल्याने होणारी अडचण मी वेगळी सांगत नाही. रॅमही इतकी व्यापलेली असते की कधीकधी घंटी वाजते पण कॉल घेण्याचा पडदाच समोर येत नाही.

सर्विस सेंटरच्या काउंटरवरील कर्मचाऱ्याने फोन उघडूनही न पाहता सांगितले, "पंडितजी, फोन पुराना हो गया, मेमरी फुल है, इसलिए कॉल कट रहे हैं." माझा मुख्य आक्षेप या वाक्याला आहे. ताप आणि मोडलेला हात घेऊन आलेल्या रोग्याला वैद्याने एकच काढा द्यावा, तसे हे निदान आहे. त्यांनी शुल्क घेऊन हार्ड रिसेट केले. त्यानंतर फोन पूर्ण कोरा असताना, मी माझे एकही ॲप टाकलेले नसताना, ३२ पैकी १७ जीबी जागा भरलेली होती. आणि उरलेली जागा मोकळी असूनही कॉल पूर्वीसारखेच तुटत होते. मेमरीमुळे कॉल तुटतात हे म्हणणे त्यांच्याच टेबलावर खोटे ठरले. हार्ड रिसेटने ग्राहकाची माहिती पुसली जाते, पण अपडेटने बदललेली मूळ प्रणाली मागे जात नाही, हे शुल्क घेण्यापूर्वी त्यांना ठाऊक असायला हवे होते. पुढचा उपाय म्हणून त्यांनी मदरबोर्ड बदलण्यास सांगितले, ज्याचा खर्च जवळपास नव्या फोनाइतका होता. अपडेट नाकारण्याची सोय आपण ठेवलेली नाही, "नंतर" एवढाच पर्याय असतो, आणि ते "नंतर" किती वेळा दाबायचे यालाही मर्यादा असते.

माझी मागणी नव्या फोनाची नाही. माझ्या मॉडेलसाठी व्होल्टीची नोंदणी पूर्ववत होईल असे दुरुस्त सॉफ्टवेअर आपण द्यावे किंवा सर्विस सेंटरकडून आधीची आवृत्ती विनाशुल्क बसवून द्यावी. अपडेटबरोबर आलेली ॲप्स पूर्णपणे काढण्याची मुभा द्यावी. आणि निरुपयोगी ठरलेल्या हार्ड रिसेटचे शुल्क परत करावे. यांपैकी काही शक्य नसेल तर त्याचे तांत्रिक कारण लेखी कळवावे. "फोन जुना झाला" हे कारण मी तांत्रिक मानणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवेन. त्यानेही निवारण न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल इंदूरच्या जिल्हा आयोगाकडे जाईन. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा अधिकार या कायद्याने दिला आहे आणि एवढ्या किमतीच्या वस्तूसाठी तेथे शुल्कही लागत नाही.

उत्तर कृपया ईमेलने किंवा टपालाने पाठवावे. फोनवर कळवू नये; तो लागेलच असे नाही.

आपला ग्राहक,
(स्वाक्षरी)
रामबाग, इंदूर

सोबत: खरेदीचे बिल, आयएमईआय क्रमांक, सर्विस सेंटरची जॉबशीट व पावती, तपासणीच्या पानाचा आणि रिसेटनंतरच्या स्टोरेजचा स्क्रीनशॉट.