गुहागरला निघण्याआधी तिथी बघ

प्रिय सुधीर,

घरच्यांना घेऊन गुहागरला जायचं म्हणतोयस, तर खोली सांगण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर काढ आणि तिथी बघ. आपल्या किनाऱ्यावर भरती काढायचा जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. एकादशीला ११ ची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती, तिथून सहा तासांनी, अडीचच्या आसपास ओहोटी संपते. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अर्धा तास इकडेतिकडे धर.

मुलांना पाण्यात न्यायचं ते पाणी चढताना. उतरतं पाणी पायाखालची वाळू काढत आत ओढतं. म्हणून दशमी ते द्वादशी मला सगळ्यांत बरी वाटते, साडेतीनपासून सूर्यास्तापर्यंत पाणी चढतं राहतं. पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, खूप रुंद मिळते, पण उधाणामुळे दुपारभर ओढ जबर असते.

लाटा फुटताना मध्येच एखादा पट्टा शांत नि गढूळ दिसला, तर तिथे कुणालाही उतरू देऊ नकोस. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत जातं. कुणी ओढलं गेलंच, तर सरळ किनाऱ्याकडे झुंजायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर यायचं. मुलं गुडघाभर पाण्यातच ठेव आणि एक मोठं माणूस त्यांच्या समुद्राकडच्या बाजूला उभं कर. साडी-ओढणी भिजली की पायांत गुंततात, वहिनींना सांग. गाडी वाळूत घालू नकोस. चाकं रुततात आणि भरती थांबत नाही.

गुहागर तालुक्यातल्याच हेदवीची बामणघळ मात्र भरतीलाच बघायची. खडकाच्या चिंचोळ्या भेगेत लाट शिरते नि पाणी उंच उसळतं. कडेचा खडक शेवाळाने निसरडा असतो, मुलांचा हात सोडू नका. एकादशीची सकाळ हेदवीला, तिथेच काकूंना दशभुजा गणपतीचं दर्शन, आणि दुपारनंतर गुहागरची पुळण, असा मेळ बसतो. व्याडेश्वराचं देऊळ गुहागर गावातच आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी ये. एप्रिल-मेमध्ये दुपारी वाळूवर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि पावसाळ्यात समुद्रात उतरायचंच नाही. रेल्वेने चिपळूणला उतरलास की पुढे साधारण ४५ किलोमीटर. एसटी आहे, पण सामान नि काकू बरोबर असतील तर गाडी आधीच सांगून ठेव. घरगुती खानावळीत जेवण सकाळीच सांगायचं, मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी.

तिथी ठरली की कळव, खोलीचं मी बघतो.

तुझा,
विनय