भांडण अमेरिकेशी, भाव पडला मानवतच्या बाजारात

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेने २०२५ मध्ये आपल्या मालावर लावलेल्या ५० टक्के आयात शुल्काबद्दल आपल्या अंकात तिरुपूरचे कपडे, सुरतचे हिरे, आंध्रची कोळंबी असे बरेच वाचले. परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या कापूस बाजारातल्या गाड्यांविषयी मात्र कुठे दोन ओळीही दिसल्या नाहीत, म्हणून हे पत्र.

केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेत आपला कपडा महागणार, तर गिरण्यांना कापूस तरी स्वस्त मिळावा, हा हेतू. गिरण्या जगल्या पाहिजेत, त्या बंद पडल्या तर माझा कापूस कोण घेणार? पण ऑगस्टात आमची पऱ्हाटी पाते-फुलांवर आलेली. बियाणे, खत, निंदणी, फवारण्या, सगळा पैसा मातीत गेलेला. जूनमध्ये पेरा केला तो हे शुल्क आहे असे धरूनच. त्यात सप्टेंबरच्या पावसाने खालची बोंडे सडली, ते वेगळेच.

पहिली वेचणी घेऊन गेलो. व्यापाऱ्याने गाडीतून मूठभर कापूस उपसला, धागा ताणून बघितला आणि सरकी दाताखाली धरली. ती कुटकन फुटली नाही, नुसती दबली. “ओल हाय मालक, साडेसहा हजाराच्या वर जमत नाही. बाहेरची रुई बिनशुल्काची येतीय, गिरणीवाले आमच्याकडं बघंनात.” लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. पण सरकारी खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही, आणि वेचणीच्या बायांचा हिशेब बाजाराच्या दिवशी चुकता करायचा होता. दिला.

मला २०१८ ची, अमेरिका आणि चीनच्या व्यापारी भांडणातली, एक गोष्ट सांगायची आहे. चीनने अमेरिकेच्या सोयाबीनवर शुल्क लावले, अमेरिकेतले शेतकरी अडचणीत आले, तेव्हा त्यांच्या सरकारने १२ अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली. भांडण सरकारने काढले, भरपाई सरकारी तिजोरीतून दिली. आपल्याकडे गिरण्यांची भरपाई कापूस पिकवणाऱ्याच्या मापातून झाली. ज्याचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नाही, त्याच्या मापातून!

माझे मागणे साधे आहे. गिरण्यांना मदत द्यायची तर ती व्याजात द्या, निर्यातीच्या अनुदानात द्या. आणि आयात शुल्क कमी करायचेच असेल तर ते मे महिन्यात, पेरणीआधी जाहीर करा. मग आम्ही कापूस लावायचा की तूर, ते आमचे आम्ही ठरवू. उभ्या पिकात नियम बदलू नका.

३१ डिसेंबर २०२५ नंतर ही सवलत वाढणार की नाही, तेही सरकारने आत्ताच सांगावे. माझ्या घरात अजून १४ क्विंटल कापूस आहे. बैठकीत छतापर्यंत भरलाय, लेकरांच्या अंगाला खाज सुटलीय, आम्ही ओसरीवर झोपतो. तो ठेवायचा की विकायचा, हे त्या एका उत्तरावर ठरणार आहे.

आपला,
एक कापूस उत्पादक,
ता. मानवत, जि. परभणी